दुभाष्या जावई

सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर बसल्याबसल्या वच्छलाबाईंनी जावयाला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या हासडल्या, तेवढ्या त्यांनी उभ्या जन्मात कोणाला दिल्या नव्हत्या. तोंडातून मात्र "जवाईबापू, पानी घेता काय?" एवढंच निघत होतं. जावई पडला ना! त्यातून सख्ख्या नणंदेचा मुलगा.

शेजारी त्यांची रुख्मिणी भिंतीला टेकून बसली होती. ऐन चैत्र, आदिलाबादचं ऊन, बायका पदराने वारा घेत होत्या आणि हिच्या अंगावर गोधडी. पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी नात झाली, त्या बाळंतपणापासून पोरगी जी खचली ती पुन्हा उभी राहिलीच नाही. भुवया झडल्या, आवाज घोगरा झाला, उठली की डोळ्यांपुढे अंधारी. वैद्य झाले, हकीम झाले, देवाला कोंबडं झालं. सासरचे तिला आळशी म्हणत. आता तर सासूने, म्हणजे त्या सख्ख्या नणंदेने, मुधोळकडची एक मुलगी हेरून ठेवली होती. "या डाक्टरनं हात टेकले का रुख्मीले तुमी घिऊन जा," असं चंपतरावाने सकाळीच सांगून टाकलं होतं. भाजी परत करावी तशी बायको परत करायला निघाला होता.

बाळंतपण माहेरी झालं होतं, भीमपूरकडच्या घरात. काय झालं ते वच्छलाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाज भिजली, खालची जमीन भिजली, राख टाकून टाकून दोन बाया थकल्या. पोरगी थंडगार पडली. नंतर छातीला दुधाचा थेंब नाही. नात शेळीच्या दुधावर वाढली. हे सगळं त्यांनी चंपतरावाला घरी सांगितलं, टांग्यात सांगितलं आणि आता ओसरीवर पुन्हा सांगितलं.

"डाक्टरले पयले बाळंतपनाचं सांगा, बापू."

"सांगतो ना मामी," चंपतराव टोपी नीट करत म्हणाला. "तुमी काऊन घाबरून राह्यल्या?"

चंपतराव तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होता. निजामाच्या वेळी कारकुनाला लागते तशी फर्डी उर्दू बोलायचा. गेल्या दिवाळीत आंध्र प्रदेश झाला, कचेरीत तेलुगू येणार अशी कुणकुण लागली, तसा खुर्ची टिकवायला त्याने तेलुगूही घोकून काढली. हुशारच मेला! नवा डॉक्टर समुद्राकडच्या मुलखातून आलेला, त्याला ना मराठी येत होती ना उर्दू. त्यामुळे चंपतरावाला आज भलताच हुरूप आला होता.

नंबर लागला. डॉक्टरने रुख्मिणीची नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली आणि प्रश्न विचारला तो चंपतरावाला. चंपतराव हात जोडून बोलत राहिला. वच्छलाबाईंना तेलुगू कळत नव्हती, पण माणूस कळत होता. एवढ्या रक्ताची हकीकत सांगणाऱ्याचा चेहरा असा गुळगुळीत राहत नाही.

"सांगतलं काय?"

"सांगतलं. कमजोरी हाये म्हनून सांगतलं."

"आन् बाळंतपनाचं?"

चंपतराव दात आवळून कुजबुजला, "बायाच्या गोष्टी हायेत थ्या, मामी. साहेबापुढं कशा बोलाच्या? काही इज्जत हाये का नाई?"

तिकडे डॉक्टरने टॉनिक लिहायला घेतलं. पुन्हा टॉनिक!

वच्छलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी डोळ्यांदेखत चालली आणि ह्याला इज्जत सुचते. सवत आणायला निघाला तेव्हा कुठे गेली होती ती इज्जत?

"बाजूले हो, चंपत!"

लग्नाआधी त्या त्याला अशीच हाक मारत. तो दचकून खरंच बाजूला झाला. त्यांनी टेबलावर थाप मारली, रुख्मिणीकडे बोट केलं आणि कमरेपासून जमिनीपर्यंत हात ओढून दाखवला.

"रक्त! बाळंतपनात! लय रक्त! आन् दूध नाई!" रिकामी मूठ त्यांनी छातीवर आपटली. दारात लोक डोकावू लागले. डोकावोत.

डॉक्टरचा हात थांबला. रक्ताला तेलुगूतही रक्तच म्हणतात. एवढ्या एका शब्दाला दुभाष्या कशाला हवा होता?

डॉक्टरने घाईने चंपतरावाला काहीतरी विचारलं. त्याने मान खाली घातली. डॉक्टरने आवाज चढवून पुन्हा विचारलं.

"लेदु," गोधडीतून आवाज आला.

बाजारात ऐकलेला तेवढा एक शब्द वच्छलाबाईंना ठाऊक होता. लेदु म्हणजे नाही. रुख्मिणी बोलली होती! थांबत थांबत, घोगऱ्या आवाजात ती पुढेही बोलत राहिली. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. एकेक विचारत गेला, तिचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबत गेला. मग चंपतरावाकडे वळून असं काही बोलला की त्याने टोपी काढून हातात घेतली.

"काय म्हन्ते डाक्टर?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"काई नाई. गोळ्या देतो म्हन्ते."

"खोटं," रुख्मिणी म्हणाली. "डोक्याच्या आत हरबऱ्याएवढं काईतरी अस्ते, माय. बाळंतपनात लय रक्त गेलं का थे वाळून जाते. मंग दूध येत नाई, पाळी येत नाई, थंडी वाजते. जल्मभर गोळ्या घ्या लागन, पन मी उठन म्हन्ते. आन् यायले म्हन्ला, बायकोले सात वर्सं पाळी नाई, हे नवऱ्याले ठाऊक नवतं काय?"

चंपतराव भिंतीवरचा देवीच्या लसीचा कागद वाचू लागला.

"तुले तेलुगू येते?"

"भाजी कोन आनते, माय? शेजारी कोन लोक हायेत?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"मले कोनी इचारलंच नाई. सासू बोलली, हे बोलले." रुख्मिणीने दम घेतला. "तूबी सकाळपासून यायलेच सांगून राह्यली. रक्त मायं गेलं, आन् मायाशी कोनीच बोललं नाई."

वच्छलाबाईंचा राग होता तसाच होता, पण आता तो एकट्या जावयावर मावेना.

कंपाउंडरने गोळ्यांचा पुडा चंपतरावापुढे धरला. वच्छलाबाईंनी तो मधल्यामध्ये हिसकला आणि लेकीच्या हातात ठेवला.

"कशा घ्याच्या ह्या?"

"सकाळी दोन आन्..." चंपतराव पुढे सरसावला.

"तुले नाई इचारलं," वच्छलाबाई म्हणाल्या.