हाताचा अंदाज

बाईंनी पिशवीतून आधी पॅन काढून काउंटरवर ठेवला. मग दांडा काढला आणि तो पॅनच्या शेजारी ठेवला. दोन्ही कामं डाव्या हाताने केली, कारण उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी होती.

"काका, हा तुम्ही दिलेला," त्या म्हणाल्या.

काउंटरमागच्या माणसाने पॅन लगेच ओळखला. भांड्यांच्या त्या दुकानात सगळे त्याला 'तराजू' म्हणत. एकोणतीस वर्षं तो तिथे विक्रीला उभा होता, आणि कुठलंही भांडं नुसतं हातात तोलून त्याचं वजन सांगायचा. काट्यावर ठेवलं तर दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. गिऱ्हाइकं हौसेने पैज लावत आणि हरत. पण तो नुसता खेळ नव्हता. बेताच्या पैशात चांगलं भांडं घ्यायचं तर वजनासारखा साक्षीदार नाही, असं त्याचं म्हणणं. चकाकीला भुलू नका, काचेच्या झाकणाला भुलू नका. तळ पातळ असला की अन्न करपतं, भांडं वाकतं आणि वर्षाच्या आत तुम्ही पुन्हा माझ्यासमोर उभे. पातळ पाच घेण्यापेक्षा जाड एक घ्या. लोक ऐकत, आणि चार वर्षांनी येऊन सांगत, काका, अजून तसंच आहे हो.

या बाई शिवणकाम करणाऱ्या. दीड महिन्यापूर्वी आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, एकच घेता येईल, पण ते टिकलं पाहिजे. त्याने तीन पॅन त्यांच्यापुढे मांडले होते. तिसरा दांड्याला धरून तोलला आणि म्हणाला होता, "सव्वा किलो. डोळे मिटून न्या."

"कसं झालं, ताई?"

"बटाटे तळत होते. झाले म्हणून उचलला, तर दांडा हातात राहिला आणि बाकी सगळं हातावर आलं." त्या अगदी सरळ आवाजात बोलत होत्या. "डॉक्टर म्हणतात, महिनाभर कात्री धरायची नाही. भांडायला नाही आले मी. तुम्ही म्हणालात म्हणून घेतला होता, म्हणून तुम्हालाच दाखवायला आणला."

भांडल्या असत्या तर फार बरं झालं असतं, असं तराजूला वाटलं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचं ते एकोणतीस वर्षांत पाठ झालं होतं.

त्याने दांडा उचलला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि काळं वेष्टण उघडलं. आतून लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा घरंगळून काउंटरवर आला. त्याने दांड्याशिवाय पॅन तळहातावर घेतला. अर्धा किलोसुद्धा भरत नव्हता. सगळं वजन दांड्यात भरलेलं, आणि तो दांडा पॅनला धरून ठेवायला एक इवलासा स्क्रू, तोही जेमतेम चार आट्यांचा. बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की लोक पॅन दांड्याला धरूनच तोलतात. आणि लोकांना तसं तोलायला शिकवणारा हा शहाणा इथे उभा होता.

आतल्या काचेच्या खोलीतून मालक बाहेर आले. पट्टी पाहिली, दांडा पाहिला. "बाई, रिकामा तापवला असेल तुम्ही. होतं असं. तराजू, त्यांना दुसरा दे बदलून."

दाराशी त्या पॅनचा ढीग रचलेला होता. 'जाड तळ, अर्धी किंमत' ही पाटी तराजूनेच लिहिलेली. त्याने ढिगातला एक पॅन आणला, दांडा उघडला आणि दुसरा गोळा पहिल्याशेजारी ठेवला.

"हा देऊ?" त्याने विचारलं.

मालकांनी त्याला दंडाला धरून आत नेलं. दोघं एकाच वयाचे. एकाच वर्षी दुकानात आले होते, एक नोकर म्हणून आणि एक मालकाचा मुलगा म्हणून. दुपारचे डबे कित्येक वर्षं एकत्र खाल्लेले.

"अरे, साठ नग घेऊन बसलोय मी," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "माल देणारा फोन उचलत नाही. त्यात काय भरलंय हे मला तरी कुठे माहीत होतं?"

"आठ गेलेत, मालक. आठही मीच दिलेत."

"मग? बाकी कुणाची तक्रार आली का?"

"या मालाची तक्रार यायची म्हणजे हात भाजूनच यायची."

मालकांनी काचेतून बाहेर काउंटरकडे पाहिलं. मग म्हणाले, "आलं कुणी तर बघू. पण तू दारोदार जाऊन आमचाच माल खराब म्हणून सांगणार असशील, तर दुकानाला टाळं लागेल. लोक काय, एका पॅनवर थांबतात होय? सगळीच भांडी खोटी म्हणतील."

"दुपारच्या स्वयंपाकाची वेळ होत आलीय, मालक."

"तराजू, हे बघ." मालकांचा आवाज कापत होता. रागाने की भीतीने, ते त्यांचं त्यांना माहीत. "आत्ता बाहेर पडलास तर संध्याकाळी परत यायचं कारण नाही."

तराजूने हमीपत्रांचं पुस्तक काढलं आणि वेष्टणाच्या कागदामागे पत्ते उतरवून घेतले. आठातला एक समोर काउंटरवर होता आणि एक त्याच्या स्वतःच्या घरी. घरी रात्रीचाच स्वयंपाक व्हायचा, तिथे संध्याकाळी गेलं तरी चालणार होतं. राहिले सहा.

शिवणकामवाल्या बाई अजून तिथेच उभ्या होत्या.

"ताई, चूक माझी आहे. मी उद्या तुमच्याकडे येतो. आत्ता आधी बाकीच्यांना गाठतो."

"बाकीचे पण आहेत?" बाईंचा चेहरा उतरला. "मग इथे काय उभे राहिलात? जा ना."

पहिला पत्ता दोन कॉलेजच्या मुलींचा. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचला, तर पॅन खिडकीत, आणि पॅनमध्ये कांदे ठेवलेले. त्या कांद्यांना कोंब फुटले होते. "आम्ही बाहेरच जेवतो," त्यातली एक ओशाळून म्हणाली. त्याने दांडा उघडून पिशवीत टाकला आणि पैशांचं मी बघतो म्हणाला. कसं बघणार होता, ते त्यालाही माहीत नव्हतं. दुसरीकडे रात्रपाळी करून झोपलेल्या नर्सबाईंना उठवावं लागलं. त्या आधी चिडल्या आणि लोखंडाचा गोळा पाहिल्यावर खाटेवर बसूनच राहिल्या. तिसऱ्या घराला कुलूप होतं. शेजारणीने फोन लावून दिला. पलीकडचा माणूस म्हणाला, आम्ही गावाला आहोत, आल्यावर फेकून देतो. चौथ्या घरी एक म्हातारी, तिने मुकाट्याने पॅन पुढे केला आणि वर त्यालाच पाणी विचारलं.

पाचवे एक निवृत्त बस कंडक्टर. त्यांनी पॅन पाठीमागे धरला.

"देणार नाही," ते म्हणाले. "अर्ध्या किमतीत मिळालाय. आता तुम्ही परत न्यायला आलात म्हणजे नक्कीच मोलाचा असणार."

"अहो, दांडा निखळतो त्याचा."

"खोटा माल परत न्यायला दुकानदार घरी आल्याचं बघितलंय का कुणी? मला नका शिकवू. जन्मभर लोकांची तिकिटं पाहिलीत मी."

"बरं, पॅन ठेवा तुम्ही. मला फक्त दांडा द्या."

यावर त्यांनी बराच विचार केला आणि दांडा दिला. तोवर साडेबारा वाजून गेले.

सहावा पत्ता पाळणाघराचा. तो त्याने मुद्दाम पहिला धरला नव्हता, कारण तिथे जेवण एकला असतं हे त्याला माहीत होतं. वाटेत बस बंद पडली आणि तो हिशोब कोलमडला. शेवटचे तीन चौक तो पळाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी पळणारा माणूस रस्त्यावर बरा दिसत नाही, लोक वळून बघत होते. आधी इथेच यायला हवं होतं, गाढवा, असं तो स्वतःला मोठ्यानेच म्हणत होता.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. उंबऱ्याशी सात-आठ पोरं ताटल्या घेऊन बसलेली. आत स्वयंपाकीणबाई पाठमोऱ्या उभ्या, शेगडीवर तोच पॅन, त्यात तेल, आणि त्यांचा हात दांड्यावर.

"हात काढा," तो म्हणाला.

त्याला ओरडायचं होतं, पण छातीत दमच नव्हता. बाईंनी मान वळवली. "कोण?"

"दांड्याचा हात काढा. उचलू नका. गॅस बंद करा."

"अहो, तुम्ही ते भांडीवाले काका ना? पोरं भुकेली आहेत, तेल उतरवते आधी."

"ताई, तुमच्या पाया पडतो. हात काढा."

त्याचा चेहरा पाहून बाईंनी हात काढला. गॅस बंद केला, पोरांना बाहेर पिटाळलं. मग दोघं भिंतीला टेकून त्या तेलाकडे बघत उभी राहिली. तेल निवायला किती वेळ लागतो ते माणसाला एरवी कळत नाही. अर्ध्या तासाने त्याने पुढे होऊन दांड्याला बोट लावलं. दांडा खाली लटकला. स्क्रू एका आट्यावर आला होता.

तो पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसला. बाहेर पोरं ताटल्या वाजवत होती.

घरी पोचला तेव्हा पाच वाजले होते. आपल्याकडे म्हणतातच, दिव्याखाली अंधार. सातव्या पॅनची त्याला दिवसभर काळजी वाटली नव्हती, कारण तो आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर. बायकोने आज जरा लवकरच शेगडी पेटवली होती. तो दारात आला आणि तिने पॅन उचलला. दांड्याला धरून नाही. दोन्ही हातांत दोन फडकी, दोन्ही कडा घट्ट धरलेल्या.

ती पॅन खाली ठेवेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही.

"असा का उचललास?"

"मग कसा उचलू? दांडा हलतो त्याचा."

"कधीपासून?"

"आणलात त्या आठवड्यापासून." तिने फडकी नीट घडी करून ठेवली. "सांगितलं होतं की तुम्हाला."

"मला?"

"अहो, तुम्हालाच. तुम्ही हातात घेतलात, तोललात, आणि म्हणालात, एवढ्या वजनाचं भांडं असं तसं नसतं, तुझाच हात ढिला. मग मी नाही बोलले पुन्हा. दोन फडकी घेते. जमतं."

त्याला आठवलं. सगळं आठवलं, आपण हसलो होतो तेसुद्धा. पहिला पॅन त्याने स्वतःच्या घरी आणला होता आणि शिवणकामवाल्या बाई त्यानंतर दोन आठवड्यांनी दुकानात आल्या होत्या. तो जमिनीवर बसला. बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का, आणि तो म्हणाला, तसं काही नाही. मग त्याने तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, नोकरीचंही. ती बराच वेळ ऐकत राहिली. तिने रागही केला नाही आणि समजूतही घातली नाही. फक्त म्हणाली, "त्या बाईंना हे सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानावरूनच गेला, दुसरी वाट नव्हती. दाराशी ढीग नव्हता. मालक आतल्या खोलीत डोकं धरून बसले होते. त्यांनी हाक मारली नाही आणि तो थांबला नाही.

शिवणकामवाल्या बाईंची खोली लहान. मशीनवर कापड टाकलेलं, आणि टेबलावर एका शाळेचे बारा शर्ट बेतायचे होते. त्याने बसायला नकार दिला आणि उभ्यानेच बोलून टाकलं.

"ताई, तुमचा हात वाचला असता. माझ्या घरच्यांनी मला तुमच्या आधीच सांगितलं होतं, दांडा हलतो म्हणून. मी ऐकलं नाही. माझ्या हाताला कळतं, असं वाटायचं मला."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

"हे नसतं सांगितलंत तरी मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतं कळलं."

"चार माणसं माझ्यापाशी तुमची तारीफ करत होती, त्या काकांना बोलू नकोस, चांगला माणूस आहे म्हणून." त्या खिडकीकडे वळल्या. तो निघायला वळला तेव्हा त्या म्हणाल्या, "कात्री धरता येते?"

"कापड कधी कापलं नाही."

"खडूची खूण मी डाव्या हाताने करीन. खुणेवरून कापायचं. आपलं डोकं चालवायचं नाही. खुणेबाहेर गेलात तर कापड फुकट जाईल आणि शाळेला तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"बरं."

त्याने चपला काढल्या आणि टेबलाशी उभा राहिला. बाईंनी वाकडीतिकडी रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. त्याने कात्री कापडाला लावली.

"थांबा," त्या म्हणाल्या.

तो थांबला. बाईंनी वाकून कापडाची कड सारखी केली.

"हां. आता कापा."