चाळीस नावांचा एक माणूस

उत्कर्षा सोलापुरात एका चादर कारखान्याच्या ऑफिसात बिलं करायची आणि फावल्या वेळात 'थेंब' नावाची वेबसाइट चालवायची. तिथं रोज येणाऱ्याला क्रिप्टो या आभासी चलनाच्या एका नाण्याचा कणभर तुकडा फुकट मिळे, फार तर दहा पैशांचा. पानावरच्या जाहिरातींतून जे येई, त्यातूनच ती हे वाटायची. लोकांनी ही नवी भानगड न घाबरता हाताळून बघावी, एवढीच तिची हौस.

पहिल्याच महिन्यात फुकट्यांनी तिला रडवलं. कुणीतरी कॉम्प्युटर कामाला जुंपून शेकडो खोट्या नावांनी दोन तासांत सगळं नाणं उपसून नेलं. तिनं नियम घातले, माणूस की यंत्र ते ओळखणारी कोडी घातली, तरी नवे चोर नव्या वाटेनं येतच राहिले.

एका रविवारी यादी चाळताना ती थबकली. चाळीस नावं रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरल्या क्रमानं एकामागून एक येत होती. पण दुपारी एक ते तीन सगळी गायब!

"यंत्र दुपारचं झोपायला कधीपासून लागलं?" ती स्वतःशीच हसली आणि त्यातल्या एका नावाला तिनं मेल धाडला: 'रागावणार नाही. फोन करा.' खाली नंबर दिला.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"मॅडम, बार्शीहून बापूसाहेब बोलतोय. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर हाय. चुकलं माझं."

"काका, चाळीस खाती हातानं चालवता?"

"व्हय. वहीत लिवून ठेवलीत की. जेवलं की जरा आडवा होतो, मग परत."

"अहो, महिनाभर राबून शंभर रुपये मिळतात तुम्हाला!"

"पण येळ लई झ्याक जातो."

उत्कर्षाला हसू आवरेना. मग बापूसाहेबच म्हणाले, "बत्तीस वर्षं इनातिकीट माणसं धरलीत मी. एक सांगू? नव्या माणसाला लगेच देऊ नका. सात दिस रोज या म्हणा, आठव्या दिवशी एकदम द्या. फुकट्याला दम निघत न्हाय."

तिनं तसंच केलं. पंधरवड्यात गर्दी निम्म्यावर आली. उरली ती खरी माणसं. बापूसाहेबांनी स्वतःची एकोणचाळीस खाती आपण होऊन बंद केली.

मग एकदा त्यांचा फोन आला. "पोरी, तुज्या पानावर ती पैसे दुप्पट करायची जाहिरात हाय न्हवं? आठ हजार भरणार हुतो. म्हटलं, पोरगी वळखीची हाय, इचारून भरावं."

उत्कर्षानं घाईनं पान उघडून बघितलं. जाहिराती कुठली तरी कंपनी परस्पर लावायची. तिनं त्या कधी नीट वाचल्याच नव्हत्या.

"काका, एक रुपयासुद्धा भरू नका!"

त्याच दिवशी तिनं तसल्या सगळ्या जाहिराती काढल्या आणि का काढल्या तेही पानावर लिहिलं. कमाई घटली. थेंब आठवड्यातून दोनदाच वाटता येऊ लागला. काही जण चिडून गेले, पण बरेचसे टिकले.

"मग बाकीचे दिस मी काय करू?" बापूसाहेबांनी विचारलं.

"लोकांच्या प्रश्नांना उत्तरं लिहा."

दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारलं होतं, 'यातून श्रीमंत होता येईल का?' खाली बापूसाहेबांचं उत्तर: 'न्हाय. पण कुटं फसायचं न्हाय ते कळंल.'

ऑफिसात ते वाचून उत्कर्षा इतक्या मोठ्यानं हसली, की शेजारच्या टेबलावरच्या अनसूयाबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. "काय गं? मला पण दाखव की."