व्हर्लीनची साक्ष

खटल्याच्या पहिल्याच दिवशी मला व्हर्लीन पग दिसली. खटला तिच्याच खुनाचा. नदीत बुडवून मारलेली पोर. आणि ती आरोपी ल्यूशस टार्वरच्या मागे उभी, अंगावरून पाणी निथळतंय, बोट त्याच्या मानेवर रोखलेलं. ज्युरीतल्या बाकी अकरा जणांना काही दिसत नव्हतं.

साक्षीदार एकच, त्या संध्याकाळी दुरून नदीत होडी आणि तीतला माणूस पाहिलेला म्हातारा. ल्यूशसच्या वकिलानं उलटून विचारलं तसा म्हणाला, "चेहरा नाही दिसला, साहेब. सदरा दिसला."

रविवारी चर्चमध्ये रेव्हरंड गॅड्सडेन बोलता बोलता सुरात शिरले. त्यांचं प्रवचन गाण्यावर आलं की मला आपसूक रडू येतं. त्या दिवशी देवाची आज्ञा मोडून बागेत लपलेल्या पहिल्या पापी माणसाची गोष्ट होती.

"त्यानं काय केलं ते देवाला ठाऊक नव्हतं का?"

"होतं!" आम्ही ओरडलो.

"तरी हाक मारली त्यानं! तरी त्याला विचारलं!"

सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मी तेवढी बसून राहिले.

सोमवारी ज्युरीच्या खोलीत 'निर्दोष'साठी सगळ्यांचे हात वर. माझा मांडीवर.

"सिस्टर ओडेसा, तुमचं काय?" ज्युरीचा प्रमुख क्रॅन्डल म्हणाला. चर्चमधल्या बायकांना आमच्याकडे सिस्टरच म्हणतात. मासेमारीचं सामान विकतो हा क्रॅन्डल.

"त्यानंच मारलं."

"कशावरून?"

"मला ठाऊक आहे."

"देवानं फोन केला वाटतं! आम्हालाही द्या की नंबर!"

सगळे हसले. मी तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले. आरशात ती माझ्या मागे.

जज्जांनी आम्हाला समजावलं होतं: राजाच्या राज्यात कुणी कानात कुजबुजायचं आणि माणूस फासावर जायचा. म्हणून पूर्वजांनी राज्यघटनेत लिहिलं, की साक्ष देणाऱ्यानं आरोपीसमोर यावं, त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. त्या पूर्वजांनी माझ्या काळ्या माणसांना माणसांत धरलं नव्हतं. पण माझ्या आजोबांच्या भावाला असल्याच एका कुजबुजीवर झाडाला टांगलं होतं.

"बाळ," मी आरशातल्या तिला म्हटलं, "माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण माझ्या एकटीच्या कानात नको. चल, त्या साक्षीदाराच्या खुर्चीत बस. त्याच्यादेखत सांग. त्याच्या वकिलाला विचारू दे काय विचारायचं ते."

तिनं तोंड उघडलं. पाणी आलं. नुसतं पाणी.

मी परत गेले आणि हात वर केला.

ल्यूशस सुटला. जाताना माझ्याकडे बघून हसला. ते हसू कसलं होतं, अजून कळलेलं नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर व्हर्लीनच्या आईनं माझी बाही धरली. "सिस्टर, इतके दिवस जो तो त्याच्याबद्दलच बोलत होता. माझी पोरगी कुणाला दिसली तरी का हो?"

व्हर्लीन आमच्या मधेच उभी होती, आईच्या तोंडाकडे बघत. मी त्या माउलीचा हात हातात घेतला.