न विचारलेला कौल

संचिताचं पत्र आलं, त्याला या जूनमध्ये चार वर्षं झाली. निळं आंतरदेशीय पत्र. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा चुकून आलं असेल असंच मला वाटलं, कारण मला पत्र लिहिणारं कोणी उरलं नव्हतं. त्यातला मजकूर मला पाठ आहे.

‘सर, समोर विचारलं तर तुम्ही बघू म्हणाल आणि दुसरं पुस्तक काढून द्याल. म्हणून पत्र लिहिते. दहावीला मला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले. बाबा सायन्स म्हणतात. मला आर्ट्सला जाऊन इतिहास घ्यायचा आहे. तुम्ही बाबांना दोन ओळी लिहाल का? तुमचं ते ऐकतील असं मला वाटतं. रविवारी देवळात कौल लावायचा आहे. त्याआधी लिहा.’

मी कधी शिक्षक नव्हतो. हायस्कूलचा ग्रंथपाल होतो, आणि निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात सकाळी बसतो. मुलं सवयीने सर म्हणतात, तेव्हा मला दर वेळी थोडी लाज वाटते. संचिता आठवीपासून वाचनालयात यायची. जिल्ह्याच्या गॅझेटियरचा जाडजूड खंड पंचवीस वर्षं कोणी उघडला नव्हता. तो तिने तीनदा घरी नेला. त्याच्या कार्डावर तिच्याशिवाय कोणाचंच नाव नाही. एकदा तिने मला विचारलं होतं, “सर, ह्या बंदरातून एवढी जहाजां जायत, मगे आता हय नुसती होडकी कित्याक?” मला उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात तिनेच येऊन ते मला सांगितलं.

म्हणजे तिच्या पत्राचं उत्तर सोपं होतं. तिला इतिहास घेऊ द्या, एवढंच लिहायचं होतं. मी कागद घेऊन बसलो आणि ‘प्रिय दाजी’ यापुढे सरकेना. दाजी म्हणजे संचिताचे वडील. वरच्या वाडीत त्यांची काजूची बाग आणि थोडी भातशेती आहे. कष्टाळू माणूस. त्यांना मी काय सांगणार? मीही आर्ट्स घेतलं होतं. ते घेऊन मी झालो काय? दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवर नंबर चिकटवणारा माणूस. उद्या त्या मुलीला नोकरी मिळाली नाही तर दाजी म्हणतील, ह्या माणसाचं ऐकलं आणि फसलो. असा विचार करत मी पाच कागद फाडले.

माझी बायको, यशोदा, दारातून म्हणाली, “पत्र लिवतास काय सोयरीक जमवतास? चार दिस झाले, तुमची गाडी ‘प्रिय’च्या फुडे जाणा नाय.”

“विचार करतंय,” मी म्हटलं.

“करा, करा. चेडवाची बारावी होयपर्यंत करा.”

रविवार आला. पण कौल पुढच्या रविवारवर गेल्याचं कळलं. का ते कोणी सांगितलं नाही. मला तर हायसं वाटलं, विचार करायला आणखी आठ दिवस मिळाले. त्या आठ दिवसांतही मी काही लिहिलं नाही.

पुढच्या रविवारी मात्र मी देवळात गेलो आणि अगदी मागे, खांबाला टेकून उभा राहिलो. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं असलं की देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबली गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो दाजी तुझ्या पायाकडे इलोहा. तेचा चेडू धावीक चवऱ्यांशी टक्क्यांनी पास झालाहा. तेका सायन्साक घालूचा म्हणता. ह्या जर बरां होणारा असात, तर उजवो कौल दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली.

“देवाक पण टक्के कळतत रे!” कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. दाजींनी डोळे पुसले. नारळ फुटला.

दोन वाटा पुढे असल्या तर दोन कौल लावतात. ही आमची रीत लहान पोरांनाही माहीत आहे. ‘हे बरं होईल का’ असा एक. ‘ते बरं होईल का’ असा दुसरा. दाजींच्या मनात दुसरी वाट नव्हतीच, म्हणून त्यांनी एकच विचारायला सांगितलं. इतिहासाचं देवाला कोणी विचारलंच नाही. बाबली हात पुसत होता. “बाबली, दुसरोय लाव,” एवढंच मला म्हणायचं होतं. संचिता आईशेजारी उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पाटीवरची देणगीदारांची नावं वाचू लागलो. सगळी वाचली. वाचून होईपर्यंत प्रसाद वाटून झाला होता.

त्यानंतर ती वाचनालयात आली नाही. कणकवलीला सायन्सला जाते, पहाटेची एसटी पकडते, असं ऐकू यायचं. बारावीला फिजिक्स आणि गणित राहिलं. पुन्हा बसली, पुन्हा राहिलं. मी मनाशी म्हणायचो, माझं पत्र गेलं असतं तरी काय फरक पडला असता? माझ्या शब्दाला घरी यशोदा किंमत देत नाही, तिथे दाजी कशाला देतील? या विचाराचा मला फार आधार होता.

गेल्या महिन्यात तो आधार गेला. नांदगावच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी एक मुलगी येऊन बसली. काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडली होती. संचिता होती. काजूच्या कारखान्यात लागून तिला वर्ष झालं होतं.

“सर, बरे आसात?”

“बरो आसंय. तू?”

“चल्लाहा.” मग रस्त्याकडे बघत ती म्हणाली, “माझी मैत्रीण सांगता, सतरा नंबरचो फॉर्म भर, भायरसून आर्ट्सची बारावी दी. पण बाबा म्हणतत, देवान सायन्स दिल्ल्यान, ता मोडूचा नाय. मोडलां तर आणखी वायट होतला म्हणतत.”

“तुका करूचा आसा?”

“आसा कसा म्हणू? आता पुस्तक उघडलंय काय डोळे मिटतत.” ती हसली. “तेव्हा होता.”

मी थांब्यावरचं वेळापत्रक वाचू लागलो.

“बाबांनी तेव्हा कौल आठ दिस फुडे ढकललो, म्हायत आसा तुमका? मी सांगलंय तेंका, सरांचा पत्र येतला. बाबा म्हणाले, सरांनी एवढी पुस्तकां वाचलीहत, ते सांगतीत तसां करूया, मगे कौल कित्याक व्हयो? बाबा रोज पोस्टमनाची वाट बघी होते.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिची एसटी आली. “येतंय सर,” म्हणून ती चढली.

माझी एसटी मी सोडली. नंतरचीही सोडली.

घरी येऊन लिहायला बसलो. या खेपेला कागद एकच लागला.

‘दाजी, चार वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या पत्राची वाट पाहिलीत, हे मला आज कळलं. संचिताने इतिहास घ्यावा, असंच माझं तेव्हाही मत होतं. भीतीपोटी लिहिलं नाही. आणखी एक. देवाने इतिहासाला नाही म्हटलेलं नाही. त्याला ते विचारलंच गेलं नाही. मला ते त्याच वेळी कळलं होतं आणि मी बोललो नाही. यात देवाचा दोष नाही, तुमचा नाही, बाबलीचाही नाही. तिला फॉर्म भरू द्या. मन मानत नसेल तर राहिलेला कौल लावा. मी पुढे उभा राहीन.’

यशोदाने वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं.

“आणि आता डावो पडलो तर?” तिने विचारलं.

“म्हायत नाय.”

“चेडवाचीच इच्छा मेली असात तर?”

“ताय म्हायत नाय.”

तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. “जावा. टपाल अडीचाक जाता.”

पोस्टात तिकिटाच्या खिडकीवर तुळसा बसली होती. पाकिटावरचा पत्ता बघून ती म्हणाली, “सर, दाजी वरच्या वाडीतलेच मा? तिकीट कित्याक घालवतास? सांजचा जाताना मी देतंय हातात.”

“नको,” मी म्हटलं. “पोस्टमनाकडसूनच जावंदे. तिकीट दी.”

तिकीट लावलं आणि बाहेर येऊन पेटीत पत्र टाकलं. ते फटीत अडकलं नाही ना, म्हणून बोटं आत घालून चाचपलं. खाली पडलं होतं.