वाकडं बॉनेट आणि वेलिझारचा अक्रोड

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट आहे. लोक कौतुक करतात ते इंजिनाचं. माझ्या वाट्याला येते ती आदळआपट. तक्रार नाही, पण जमाखर्च मांडायला काय हरकत आहे?

कारखान्यात एका पत्र्यावर साचा दाणकन बसला आणि मी घडलो. सर्बियाच्या एका डोंगरी गावात वेलिझारने आमची गाडी कोरी करकरीत आणली. तेव्हा गावातल्या लग्नांत वऱ्हाडाच्या पुढे हीच गाडी असे आणि प्रथेप्रमाणे माझ्यावर भरतकाम केलेला टॉवेल आडवा बांधलेला असे. वेलिझार मला रोज पुसायचा. पुढे माझं वय झालं. मग माझ्यावर आलुबुखाराच्या टोपल्या आल्या, आलुबुखाराच्या दारूचे पेले आले आणि थंडीत शेजारची मांजरं आली. इंजिनाची ऊब घ्यायची आणि ओरखडे देऊन जायचं, असा त्यांचा व्यवहार.

मग वेलिझारची मूत्रपिंडं थकली. त्याची बायको राडोयका एक दिवसाआड त्याला खिंडीपलीकडच्या शहरात डायलिसिसला नेऊ लागली. बस बंद झालेली, रुग्णालयाची गाडी आमच्या डोंगरावर येत नाही. रुग्णालय गाठायला त्या दोघांना फक्त आमचाच आधार होता.

एके सकाळी राडोयका बाजारातून एकटीच परतत होती. वळणावर रानडुक्कर आडवं आलं आणि धडकेत जागीच मेलं. तिला खरचटलंही नाही, रेडिएटर थोडक्यात वाचला. पण गाडीचं तोंड आत गेलं आणि मी वाकडा बसलो. एका बाजूला बोटं जातील एवढी फट, दुसरीकडे माझी कड मडगार्डवर चढलेली.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वेलिझारची डायलिसिसची पाळी होती.

दुपारपर्यंत ते डुक्कर सळईला ओवून अंगणात निखाऱ्यांवर फिरू लागलं आणि अर्धं गाव गोळा झालं. आमच्याकडे उघड्या बॉनेटभोवती उभा राहिलेला प्रत्येक पुरुष मेकॅनिक असतो. एक पेला, एक मत. मतं फुकट, दारू राडोयकाची.

शेजारचा स्तामेन हातोडा घेऊन पुढे झाला. त्याने कुलपात अडकणारा माझा हूक ठोकून वाकवला आणि मला धाडकन आपटलं.

"बसलं! बघा, पाहुणीसारखं बसलं!"

"पाहुणी उठून नाही ना जाणार?" राडोयका म्हणाली आणि गाडी गल्लीत घेऊन गेली. चर्चपाशी उतार लागताच मी फाडकन उघडून काचेवर आदळलो. तिला पुढचं काहीच दिसेना. तिने करकचून ब्रेक दाबला. मित्रांनो, तिथे भिंत होती म्हणून ठीक. खिंडीत त्या जागी दरी आहे.

ती अंगणात परतली. गुडघ्यांवर बसून तिने माझ्याखाली हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"बॉनेट धडधाकट आहे. समोरची आडवी पट्टी मागे गेलीय, तिच्यावरच बॉनेटचं कुलूप आहे. हाड मोडलंय आणि तुम्ही कातडी ओढताय."

"मग हाड ओढू या," स्तामेन म्हणाला. "साखळीचं एक टोक पट्टीला, दुसरं झाडाला, आणि गाडी घ्यायची मागे."

अंगणात दणकट झाड एकच, अक्रोडाचं. साखळी घेऊन राडोयका तिकडे वळली तशी सगळ्यांची तोंडं उतरली. आमच्याकडे म्हणतात, अक्रोड लावणाऱ्याने जपून राहावं. खोड त्याच्या मानेएवढं जाड झालं की तो मरतो. हा अक्रोड वेलिझारने तरुणपणी पैज मारून लावला होता. खोड आता त्याच्या मानेच्या कितीतरी पुढे गेलं होतं, तरी तो होता; म्हणून त्या झाडाला कुणी हात लावत नसे.

"त्याला नको वहिनी," स्तामेन हळू आवाजात म्हणाला. "झाडाला काही झालं आणि उद्या याला..."

म्हणून साखळी आलुबुखाराच्या झाडाला बांधली. राडोयकाने गाडी मागे घेतली. झाड मुळासकट अंगणात आलं. माझी पट्टी तसूभर हलली नाही.

कुणीतरी हसलं. राडोयका हसली नाही. साखळी हातात घेऊन ती अक्रोडाकडे बघत उभी राहिली.

ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेला वेलिझार म्हणाला, "काय बघतेस? बांध."

"लोक म्हणतात..."

"अगं, मला मारायला अक्रोड कशाला हवा? उद्याचं डायलिसिस चुकलं की झालं! आणि स्तामेन, तू आधी माझं झाड भरून दे, मग माझी काळजी कर."

राडोयकाने खोडाला जुनं पोतं गुंडाळलं आणि त्यावरून साखळी घेतली. सगळ्यांना लांब उभं केलं. गाडी मागे घेतली, झटका न देता. पट्टी कण्हली. राडोयका थांबली, उतरली, तिने बघितलं, पुन्हा ओढलं. अक्रोडाने पानंसुद्धा हलवली नाहीत. पट्टी जागेवर आली.

मग तिने माझ्या बिजागऱ्यांचे बोल्ट सैल केले, मला हळूच सरकवलं, मिटलं, फटीत बोट घालून बघितलं. पुन्हा उघडलं. कड उंच राहिली तेव्हा मी ज्यांवर टेकतो ते रबराचे पाय फिरवून खाली घेतले. स्तामेनने वाकवलेला हूक त्याच्याकडूनच सरळ करून घेतला. डुक्कर संपलं, दारू संपली, मतंही संपली. तिचं काम चालूच होतं. शेवटी बोल्ट आवळून तिने मला तळहाताने दाबलं आणि मी 'टक' करून बसलो. मग तिने दोन्ही हातांनी मला वर खेचून बघितलं. मी हललो नाही.

मित्रांनो, वाकलेल्या वस्तूला बडवू नका. ती कशामुळे वाकली ते आधी शोधा. आणि बॉनेट आपटू नका, तळहात पुरतो.

पहाटे आम्ही खिंडीत चढलो. वारा माझ्या कडेखाली बोटं घालून ओढत होता. वेलिझार शेजारी डोळे मिटून बसला होता. राडोयकाची नजर मात्र रस्त्यावर कमी आणि माझ्यावर जास्त. पहिलं वळण गेलं, दरीकडचं वळण गेलं. मी दात आवळून कुलूप धरून ठेवलं होतं. उतार लागला तेव्हा तिने माझ्याकडे बघणं सोडलं आणि ती शहराचे दिवे शोधू लागली.