पाटावरची पिशवी

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे, फणसाच्या लाकडाचा. मालवणकडच्या सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि गुणाजीबाबांनी गाठोड्यात बांधून मुलुंडला आणलं. वर्षभर मी माळ्यावर पडून असतो. भाद्रपदात मात्र माझ्यावर गणपती बसतो. तेव्हा माझा थाट बघावा!

आमच्या चाळीमागे तळं आहे. बायका तिथे गोधड्या धुवायच्या, पोरं डुंबायची, काठावरच्या वडाखाली म्हाताऱ्यांच्या गप्पा चालायच्या. तळ्याचे राखणदार म्हणजे आमचे गुणाजीबाबा. कुणी साबणाचा कागद टाकला तरी ओरडायचे, "तळा काय तुज्या बापाशीचा?"

आमच्या घरची एक रीत आहे. विसर्जन झालं की तळ्याच्या तळाची मूठभर माती माझ्यावर ठेवून घरी आणायची. वाटेत लोक तिला नमस्कार करतात. मग ती रिकाम्या मखरात ठेवून दिवा लावायचा. "पाट रिकामो घराक नेवचो नाय," असं बाबा दरवर्षी बजावायचे.

१९८६ साली मूर्ती पाण्यात गेली आणि बाबांनी मातीसाठी बुडी मारली. वर आले तेव्हा हातात गच्च बांधलेली प्लास्टिकची पिशवी होती. आत काळी पडलेली फुलं, कुजलेल्या दुर्वा. पुन्हा बुडी मारली. पुन्हा पिशवीच.

बाबा भडकले. "कोणाच्या घरातली ही घाण? समोर या!"

काठावरचे लोक पिशवी बघायला पुढे सरकले. मग शेजारचे धोंडूकाका म्हणाले, "गुणाजी, गाठीची चिंधी बघ की. लुगड्याचा हिरवा काठ. ओळखीचा वाटतोय ना?"

बाबांच्या बायकोने, मालनआईंनी, मान खाली घातली.

"गाठ माजीच आसा," त्या म्हणाल्या. "देवाची फुला कचऱ्यात कशी टाकूची? म्हणान दर शनवारी तळ्यात सोडतंय. देवाचा पाण्यातच सोडूचा, असा तुमीच सांगितलास ना?"

"घे! तळ्याने तुझाच प्रसाद तुला परत दिला," धोंडूकाका म्हणाले. पण दुसऱ्या पिशवीची सुतळी धोंडूकाकांच्याच घरची होती. ती दिसताच तेही मागे सरले.

बाबांनी मालनआईंची पिशवी परत पाण्यात टाकली नाही. मातीच्या जागी, माझ्यावर ठेवली आणि मला दोन्ही हातांवर धरून चालू लागले. वाटेत चाळीतल्या प्रेमाकाकू सवयीने नमस्काराला वाकल्या. पिशवी दिसताच त्यांचे हात अर्ध्यातच थांबले. मी लाकूडच, पण त्या वाटेवर मला वाटलं, यापेक्षा चुलीत गेलो असतो तर बरं.

घरी मालनआईंनी गाठ सोडली, फुलं जास्वंदीच्या मुळाशी घातली. मला रिकामंच मखरात ठेवून दिवा लावला. बाबा आत आलेच नाहीत. ओल्या धोतराने उंबऱ्यावर बसून राहिले.

त्यानंतर बाबा कुणावर ओरडले नाहीत. सवड मिळाली की तळ्यात उतरतात, पिशव्या काढतात, काठावर बसून गाठी सोडतात. आता धोंडूकाकाही त्यांच्यासोबत असतात. गाठी फार आहेत.

दोन भाद्रपद गेले. बुडी मारली की अजून पिशवीच हाती लागते; माझ्यावर माती आलेली नाही. मित्रांनो, देवाचं म्हणून जे पाण्यात सोडता, ते कुठे जाऊन बसतं, एवढं एकदा वाकून बघा. दरवर्षी रिकामं घरी जायची मला फार लाज वाटते.