नेलेकेबाई खिडकीतून उतरल्या तो दिवस

मी आकडा बोलतोय, लोखंडाचा. ॲमस्टरडॅममधल्या एका कालव्याकाठी, चार मजली घराच्या शेंड्यावरून पुढे आलेल्या तुळईला मी लटकतोय.

लोहाराने मला घडवलं तेव्हा इथे वखार होती. खाली होड्या लागायच्या आणि मी मिरी, जायफळ, चहा वर ओढायचो. चिखलात हजारो लाकडी खांब ठोकून त्यांवर शहर उभं करणारी ही माणसं! तीनशे वर्षं बघतोय, तरी माझं आश्चर्य काही संपत नाही.

पुढे वखारीची घरं झाली. जिने मात्र शिडीसारखे उभे आणि अरुंदच राहिले. म्हणून कपाटं, पियानो अजूनही माझ्याच भरवशावर खिडकीतून ये-जा करतात.

सगळ्यात वरच्या मजल्यावर नेलेकेबाई राहायच्या. चौतीस वर्षं त्यांनी बोटीवर उभं राहून पाहुण्यांना हे शहर दाखवलं. मग गुडघे गेले. अकरा महिने त्या जिना उतरल्या नव्हत्या. खिडकीत बसून खालच्या बोटींवरची माहिती ऐकायच्या आणि चुका काढायच्या. शेवटी वृद्धाश्रमात जायचं ठरलं.

सामान हलवणारा रुलॉफ आला. पलंग, कपाट, पुस्तकं, सगळं त्याने उतरवलं. रिकाम्या खोलीत एक खुर्ची आणि बाई उरल्या, तेव्हा त्याने कपाळावर हात मारला.

"आजी, तुम्हाला कसं न्यायचं हे डोक्यातच आलं नाही! जिन्यात मी एकटाच जेमतेम मावतो. अग्निशमनवाल्यांना बोलावू?"

"मी काय झाडावर अडकलेलं मांजर आहे? पियानो उतरतो, मग मी का नाही?"

"पियानो घाबरत नाही, आजी."

"मीही नाही. बांध पट्टे."

रुलॉफने मला हातोडीने ठोकून पाहिलं, दोर दोनदा तपासला. घाबरलो होतो मी. माणूस कधी उचललाच नव्हता.

खुर्ची खिडकीबाहेर आली. बाईंनी डोळे घट्ट मिटले होते. दुसऱ्या मजल्यापाशी पोचल्या, तोच खाली एक बोट आली. तिच्यावरचा तरुण मार्गदर्शक पाहुण्यांना सांगत होता, "हे घर बघा, पाया खचून पुढे कललंय. कधीही पडेल!"

बाईंचे डोळे खाडकन उघडले.

"अरे ए शहाण्या! पडतंय कसलं? मुद्दाम पुढे झुकवून बांधलंय, सामान भिंतीला घासू नये म्हणून. मी घासतेय का, बघ!"

बोट थांबली. सगळे हसले.

"रुलॉफ, दोर तसाच धर," बाई म्हणाल्या आणि अधांतरी बसून बोलू लागल्या. जहाजं कुठे उभी राहायची, घंटा कुणासाठी वाजायची, जायफळ पिकवणाऱ्या दूरच्या बेटांवर आपल्याच लोकांनी किती रक्त सांडलं, काहीही लपवलं नाही. त्या तरुणाने आपला माइक कधीच बंद केला होता. सगळी बोट माना वर करून ऐकत होती.

"आजी, हात भरून आले हो!"

"एक मिनिट."

मग त्या पाण्याकडे, पुलांकडे, उन्हातल्या घरांच्या रांगेकडे बघत राहिल्या. "बाई गं," त्या हळूच म्हणाल्या, "हे इतकं सुंदर आहे?"

मग त्यांनी रुलॉफला मान डोलावून खूण केली.

खुर्ची जमिनीला टेकली. रुलॉफने दोर सोडला. ओझं उतरलं की मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.